झेलणारीची हाक

मी त्याला मुद्दाम सोडलं. हात घसरला नाही, घाम आला नाही, दिव्याचा झोत डोळ्यांवर आला नाही. भरल्या तंबूत, सगळ्यांच्या माना वर झालेल्या असताना तो माझ्याकडे हात पसरून येत होता, आणि मी माझे हात छातीशी ओढून घेतले. तो खाली जाळीत पडला. आमच्या सर्कशीत कुणी नवीन आलं की अजून ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात, आणि सांगणाऱ्याला वाटतं मला ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येतं. म्हणून एकदा मीच सांगते.

सर्कस हेच आमचं घर, आणि घरात चालतं ते आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सर्कशीची मालकीण. तरुणपणी ती स्वतः झुल्यावर उडायची. आता गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसते आणि खुर्चीतूनच अख्ख्या तंबूला धाकात ठेवते. बाबा झेलायचे. झेलणं म्हणजे काय ते सांगते, कारण लोक वर बघतात ते उडणाऱ्याकडे. एका टोकाच्या झुल्यावर गुडघ्यांत दांडी अडकवून उलटं लटकायचं, हात मोकळे सोडायचे, झोका घ्यायचा, आणि समोरच्या उंच फळीवरून दुसरी दांडी धरून जो निघेल, हवेत कोलांट्या घेत येईल, त्याला मनगटात धरायचं. टाळ्या उडणाऱ्याला. झेलणाऱ्याचा चेहरासुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही, तो उलटा असतो.

झेलण्याचे नियम दोनच, आणि बाबांनी ते मला अक्षरं शिकवण्याआधी शिकवले. उडणाऱ्याने हात द्यायचे, झेलणाऱ्याने घ्यायचे. उडणाऱ्याने धरायला जायचंच नाही, कारण दोघंही धरायला गेले की बोटांत बोटं अडकतात आणि मोडतात. आणि हाक झेलणाऱ्याची. झोका हवा तिथे आला की झेलणारा म्हणतो ‘ये’. उडणारा त्या हाकेवर निघतो. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

मला सगळे चिमटा म्हणतात. रांगत्या वयात मी विदूषककाकांच्या नाकावरचा लाल गोळा धरला आणि तो काही केल्या सोडला नाही, नाकासकट काका माझ्यामागे रांगत तंबूभर फिरले. तेव्हापासून नाव पडलं. पण एवढी पकड असून मी कामाला काय करत होते? हसत होते. पिसांचा पोशाख घालून कडीला लटकायचं, गोल गोल फिरायचं आणि लोकांकडे बघून हसायचं. आत्याचं म्हणणं, बाईने हसत वर जावं आणि हसत खाली यावं. सकाळी तंबू रिकामा असताना मात्र मी बाबांच्या झुल्यावर उलटी लटकायची आणि बाबा समोरून दोराला बांधलेली वाळूची पोती माझ्याकडे सोडायचे. पोतं हात देत नाही, ऐकत नाही, तोंडावर वाळू उडवतं. त्याला झेलता आलं की माणूस काही अवघड नाही, असं बाबा म्हणायचे. बाबांनी अजून सरकार बघितला नव्हता.

सरकार हे त्याचं नाव नव्हे. दुसऱ्या एका सर्कशीतून भांडून तो आमच्याकडे आला, आणि पेटी खाली ठेवायच्या आधी म्हणाला, “ही जाळी सैल आहे. पुन्हा ताणा.” जाळी ताणली. मग त्याला दोरांच्या गाठी पसंत पडेनात. “पुन्हा बांधा.” दिवा डोळ्यांत येतो, पुन्हा लावा. बँड घाईत वाजतो, पुन्हा वाजवा. चहा कोमट आहे, पुन्हा करा. संध्याकाळपर्यंत सगळी सर्कस त्याला सरकार म्हणू लागली. आपली टर उडवतायत हे त्याला कळलं नाही, की कळूनही त्याने ते मानाने घेतलं, देव जाणे. कुणी “आलो सरकार” म्हटलं की तो नुसती मान हलवायचा.

पण दुसऱ्या दिवशी तो उडाला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. तिहेरी कोलांटी. दोन कोलांट्या घेणारे खूप असतात. तिसरीत काय होतं, तर आपण कुठे आहोत, वर कुठलं आणि खाली कुठलं, हेच माणसाला कळेनासं होतं. तो उघडतो, म्हणजे मिटलेलं अंग सरळ करतो, तेव्हा समोर हात असले तर असतात, नसले तर नसतात. सरकार ती घ्यायचा आणि फळीवर परत येऊन म्हणायचा, “पुन्हा.” स्वतःलासुद्धा त्याने कधी सूट दिली नाही. म्हणूनच त्याचा राग यायचा आणि टिकायचा नाही.

एका सकाळी त्या तिसऱ्या कोलांटीतून तो जरा उशिरा उघडला. बाबांनी त्याला धरलं, सोडलं नाही, आणि बाबांचा खांदा निखळला. डॉक्टर म्हणाले, हा हात आता खांद्याच्या वर जायचा नाही. बाबा म्हणाले, मी उलटा लटकतो डॉक्टर, माझा हात वर जातच नाही, खालीच असतो. डॉक्टर हसले नाहीत. बाबाही मग हसले नाहीत.

आत्याने खुर्चीतून फर्मान काढलं, “बाहेरून झेलणारा आणू. तोवर झुला बंद.”

“बाहेरून कशाला?” सरकार म्हणाला. “इथे आहे की. रोज सकाळी पोती झेलताना बघतो मी.”

मी जाळीचा दोर ओढत होते. वर बघितलं तर त्याचं बोट माझ्याकडे.

“ही?” आत्या म्हणाली. “अरे, पुरुषाचं वजन बाईच्या हातात? लोक हसतील.”

“हसू दे,” मी म्हटलं. “तिकीट काढूनच हसतील ना?”

“तू गप्प बस. खांदा जाग्यावर राहणार नाही तुझा.”

“बाबांचा तरी कुठे राहिला?”

आत्याने बाबांकडे बघितलं. बाबा गळ्यात हात बांधून बसले होते. ते म्हणाले, “अक्का, ती माझ्यापेक्षा चांगली झेलते. मी सांगितलं नव्हतं, कारण मला काम करायचं होतं.” आत्याने काठीने झुल्याकडे खूण केली, चढ म्हणून. तिने दुसऱ्याचं ऐकलं असं माझ्या आठवणीत तेवढं एकदाच झालंय.

सराव सुरू झाला. मी उलटी लटकले, झोका घेतला, आणि तोंड उघडणार तोच सरकार फळीवरून निघालासुद्धा. त्याला स्वतःच्या अंदाजाने निघायची सवय. बाबा ते सांभाळून घ्यायचे, तो कधी निघाला तरी आपला झोका तोडून त्याच्यापर्यंत पोचायचे. मी नाही पोचले. तो जाळीत पडला.

“कुठे होतीस?” तो खालून ओरडला.

“इथेच. हाक मारली नव्हती मी.”

“बरं. पुन्हा.”

पुन्हा तेच. तो पडतोय, शिडी चढतोय, हाकेआधी निघतोय, पडतोय. “असा किती वेळा पाडणार मला?” तो ओरडला. “तू जितक्या वेळा हाकेआधी निघशील तितक्या वेळा,” मी म्हटलं. मुकादमापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे हातातली कामं टाकून बघायला जमले. विदूषककाका तर खुर्ची घेऊनच आले. अख्खी सकाळ सरकार जाळीत आपटत होता आणि माझं डोकं रक्ताने जड झालं होतं, पण हटायचं नाही हे मी ठरवलं होतं, आणि त्यानेही. शेवटी तो फळीवर उभा राहिला, दांडी हातात घेऊन. मी एक झोका घेतला. तो थांबला. अजून एक घेतला. तो थांबला. मग मी म्हटलं, “ये.”

तो आला. तीन कोलांट्या, उघडला, हात पुढे केले. बोटं मिटलेली, मनगटं मोकळी, अगदी नियमाप्रमाणे. माझे पंजे त्याच्या मनगटांवर बसले तेव्हा थाप मारल्यासारखा आवाज झाला. खांद्यापासून टाचेपर्यंत मी ताणली गेले आणि मला इतका आनंद झाला की मी हवेत मोठ्याने हसले. हसायला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने खालून माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी उलटी म्हणून माझ्या लेखी वरून, आणि म्हणाला, “पुन्हा?” माझ्या लक्षात आलं नाही तेव्हा, पण त्या शब्दाच्या शेवटी त्याचा आवाज किंचित वर गेला होता.

खेळ चालले. लोक हसले नाहीत. लोक श्वास धरून बसायचे आणि मग बाकांवर पाय आपटायचे. आत्याने माझ्यासाठी नवीन पोशाख शिवायला टाकला. पण विदूषककाका आमच्याकडे घोषणाही करतात, आणि घोषणेत नाव असायचं ते एकट्या सरकारचं. “आणि झेलणार कोण?” असं आत्याला विचारलं की ती म्हणायची, “दिसतंय की लोकांना.”

प्रेम कुठे जडलं ते मला नक्की माहीत आहे. पोशाखांच्या तंबूत, आरशासमोर. झेलणारीचे केस घट्ट बांधावे लागतात, नाहीतर उलटं लटकल्यावर तोंडावर येतात. त्या दिवशी खांदा इतका धरला होता की फणी हनुवटीच्या वर जाईना. मी एकटी बसून फणीला शिव्या घालत होते. सरकार आला तो कुरकुरतच, “माझ्या मनगटाच्या पट्ट्या कुणी धुतल्या? कडक झाल्यात.” मग त्याने आरशात बघितलं. पट्ट्या टाकल्या आणि हात पुढे केला. “इकडे दे.”

“वेणी येते तुला?”

“दोर वळता येतो. वेणी का येणार नाही?”

त्याने वेणी घातली ती दोर वळल्यासारखीच, आणि टोकाला गाठ मारली ती झुला टांगायची. खेळ झाला तरी ती सुटेना, शेवटी पोशाख सांभाळणाऱ्या मावशीबाईंनी कात्री आणली आणि तेवढे केस गेले. पण वेणी घालताना मधेच त्याने माझ्या खांद्यावरची ओढणी बाजूला केली आणि काळानिळा डाग बघितला. त्याच्या बोटांना पकडीसाठी लावायच्या खडूची पूड होती. सरकार गप्प झाला. गप्प सरकार मी कधी पाहिला नव्हता. त्यानंतर रोज वेणी त्याचीच. हळूहळू त्याला साधी गाठही यायला लागली, त्याचं मला वाईटच वाटलं.

मग एकदा वेणी घालताघालता तो म्हणाला, “पुढच्या मुक्कामाला आपण लग्न करू.”

“हा हुकूम आहे की विचारतोयस?”

“मला विचारता येत नाही.”

“मग शिकून ये,” मी म्हटलं. पण आरशात माझं तोंड हसत होतं, आणि ते त्याला दिसत होतं. मला तो हवा होता. त्याचा हट्ट, त्याचं पुन्हा पुन्हा, त्याची फळीवर उभं राहायची ऐट, सगळं हवं होतं. यात लपवण्यासारखं काय आहे?

आता तो खेळ. दुपारचा होता, तंबू गच्च भरला होता. विदूषककाकांनी तिहेरी कोलांटीची घोषणा केली, बँड थांबला, ढोल तेवढा वाजत राहिला. मी हाक मारली. तो हाकेवर निघाला. एक कोलांटी. दुसरी. आणि तो उघडला.

खाली बसलेल्या कुणालाही ते कळलं नसतं. इतक्या वेगात कोलांट्या कोण मोजतं? पण मी समोर होते. त्याने तिसरी घेतली नाही. तो अलगद, हलका होऊन माझ्याकडे तरंगत येत होता, आणि बोटं फाकलेली होती. मला धरायला. मी त्याला धरू शकणार नाही असं समजून तोच मला धरायला येत होता. आणि चेहऱ्यावर काय, तर काळजी! तापलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवायला यावं तशी काळजी.

दोन कोलांट्यांचं ते वजन झेलणं माझ्या डाव्या हातचा मळ होता. मी हात ओढून घेतले.

तो जाळीत पाठीवर पडला, नीट पडला, पडायचं कसं ते त्याला येतं. लोक किंचाळले. बँडमास्तरांनी घाबरून एकदम लग्नात वाजवतात तसलं काहीतरी सुरू केलं. मी दांडीवर उठून बसले आणि हाताची घडी घातली.

पोशाखांच्या तंबूत तो वादळासारखा शिरला. “सोडलंस तू मला!”

“धरलंच नव्हतं. सोडीन कशी?”

“मुद्दाम केलंस!”

“हो, मुद्दाम. आणि तू? तिसरी कुठे गेली? विसरलास? खिशात राहिली?”

तो गडबडला. “तुझा खांदा... मी रोज बघतो तो. तिसरीतून आलो की वजन किती वाढतं तुला माहीत नाही?”

“मला माहीत नाही? मला?”

“एक दिवस निखळेल तो. बाबांसारखा.”

“निखळला तर माझा निखळेल. तुला विचारलं होतं मी?”

एवढ्यात आत्या काठी टेकत आली, मागे बाबा. आत्या म्हणाली, “उगाच त्याच्यावर तोंड टाकू नकोस. तुझ्या भल्याचंच बघतोय तो. त्यानेच मला सांगितलं, दुसरा झेलणारा बघा म्हणून. उद्या येतोय तो माणूस. तू परत कडीवर. आणि आजचा तमाशा मी विसरले असं समजू नकोस.”

मी सरकारकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. म्हणजे खरं होतं. ज्याने बोट दाखवून मला वर चढवलं होतं, त्यानेच मागच्या दाराने जाऊन मला उतरवलं होतं, आणि तेही वेणी घालताघालता. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी हातातली फणी मोडली.

बाबा पुढे आले आणि त्यांनी मला एकच विचारलं. “तो धरायला आला होता का?”

“हो, बाबा. बोटं फाकून.”

“मग बरोबर केलंस,” बाबा म्हणाले, आणि निघून गेले.

सरकारला मी टाकून बोलले ते जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. तो पेटीवर बसून राहिला, जेवायला आला नाही, आणि चहा कोमट आला तो मुकाट्याने प्याला. स्वयंपाक्याने काळजीने मला येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुक्कामाचा शेवटचा खेळ. नवा झेलणारा संध्याकाळी पोचणार होता, खेळ दुपारी, म्हणजे माझा एवढा एकच झोका उरला होता. आत्याने सांगून ठेवलं होतं: दुहेरी करा, गपगुमान उतरा, आणि संपवा. मी मनगटांना पट्ट्या गुंडाळत बसले होते. सरकार आला आणि दारातच उभा राहिला.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला.

असं वाक्य त्याच्या तोंडून येईल यावर सर्कशीतल्या कुणी विश्वास ठेवला नसता. मीसुद्धा पट्टी गुंडाळायची थांबले.

“पूर्वी वाटायची नाही,” तो म्हणाला. “वर गेलो की फक्त तिसरी दिसायची. आता तुझा खांदा दिसतो.”

“आणि मला काय दिसतं असं वाटतं तुला?” मी म्हटलं. “मी रोज उलटी लटकून बघते, तू फळी सोडतोस आणि तिसरीत हरवतोस, डोळे असून आंधळा होतोस. उघडशील का, कुठे उघडशील, मानेवर पडलास तर? रोज माझा जीव टांगणीला लागतो. पण मी कधी तुझी एक कोलांटी कमी केली? कधी आत्याकडे गेले, की याला कडीवर बसवा, पिसं लावा, हसायला सांगा?”

कुठेतरी त्याला हसू आलं होतं, पिसांचं, पण त्याने ते दाबलं.

“तुझी भीती तुझी आहे,” मी म्हटलं. “ती घेऊन वर ये, मी नको म्हणत नाही. मीही माझी घेऊन येते. पण ती माझ्या खांद्याच्या नावावर खपवू नकोस. आज तीन. माझ्या हाकेवर. जमत नसेल तर फळीवर येऊच नकोस, मी लोकांना वाळूचं पोतं झेलून दाखवीन.”

तो आत आला. माझ्या मागे उभा राहिला आणि आरशात बघत म्हणाला, “फणी?”

“मोडली.”

त्याने बोटांनीच केस विंचरले आणि वेणी घातली. टोकाला गाठ मारली ती झुला टांगायची. न सुटणारी.

तंबू भरला. आत्या पहिल्या रांगेच्या बाजूला खुर्चीत, काठी गुडघ्यांवर आडवी. आणि मला जाळीच्या खुंट्याजवळ बाबा दिसले. खांदा गेल्यापासून झुल्याच्या वेळी बाबा कधी तंबूत थांबत नसत, बाहेर जाऊन घोड्यांना चारा घालायचे. आज थांबले होते. मी शिडी चढले, झुल्यावर बसले, मागे कलले, उलटी झाले.

विदूषककाका रिंगणात आले. त्यांनी आत्याकडे बघितलं, मग वर माझ्याकडे, आणि नाकावरचा लाल गोळा नीट बसवला. “आता बघा तिहेरी कोलांटी!” ते ओरडले. आत्याची काठी खाली पडली. “उडणार सरकार! आणि झेलणार, मंडळी, झेलणार आमची चिमटा! जिने माझं नाक धरलं ते अजून दुखतंय!”

लोक हसले. मनापासून हसले, माझ्या बाजूने. आत्या उठून उभी राहिली होती, पण आता भर खेळात ती काय करणार?

सरकार फळीवर आला. दांडी हातात घेतली. मी झोका घेतला. खांदा ठणकत होता, खोटं कशाला सांगू. तो माझ्याकडे बघत थांबला. घाई नाही, ऐट नाही. भीती होती, इतक्या लांबून मला दिसली, आणि तरी तो तिथेच होता. मी अजून एक झोका घेतला, गरज नव्हती तरी. तेवढा माझा हक्क होता.

“ये!”

एक. दुसरी. त्याचं शरीर मिटलेलं. उघडतोय का? नाही. तिसरी. त्या तिसरीत तो कुणाचाच नव्हता, आणि मग उघडला, खोल, जड, सगळ्या वजनासकट. हात माझ्या समोर. बोटं मिटलेली. मनगटं मोकळी.

मी घेतले.

खांद्यात कुणीतरी निखारा ठेवला असं झालं. मी ओरडले की नाही मला आठवत नाही, लोकांचा आवाज एवढा होता की मलाच ऐकू आला नसता. आम्ही दोघं मागे गेलो, वर, तंबूच्या कापडाजवळ. आता परतीच्या झोक्यात त्याला पुढे नेऊन दांडीवर सोडायचं किंवा तिथूनच जाळीत. त्याला माझा चेहरा दिसत होता. तोंड पांढरं पडलं असणार. काल हाच चेहरा बघून त्याने माझ्या वतीने ठरवून टाकलं असतं.

“सोडतेस की नेतेस?” त्याने विचारलं.

विचारलं. सरकारने. आयुष्यात पहिल्यांदा.

“नेते,” मी म्हटलं.

आणि नेलं. पुढे झोका आला, समोरून दांडी आली, मी त्याला हवेत फिरवून सोडलं, त्याने दांडी धरली आणि तो फळीवर उभा राहिला. लोक बाकांवर चढले होते. बँडमास्तरांनी या वेळी घाबरून नव्हे, खुशीने तेच लग्नाचं वाजवलं. मी उलटीच लटकत राहिले, डावा हात बधिर, आणि रडू येत होतं ते कपाळावरून केसांत जात होतं. खालून कुणाला दिसत नाही ते.

मी उतरले तेव्हा शिडीच्या पायथ्याशी आत्या उभी होती. तिने आधी माझा खांदा चाचपला, चांगला दाबून, मी कळवळेपर्यंत. “जाग्यावर आहे,” ती म्हणाली. मग तिला राग आठवला. “तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं नाक कापलंत. तो माणूस मघाशीच आलाय, वेळेआधी, बाहेर पेटीवर बसलाय. एवढ्या लांबून बोलावलं त्याला. काय सांगू आता?”

“त्याला म्हणावं, फळीवर चढ आणि हात द्यायला शीक,” मी म्हटलं. “घ्यायचं मी बघते.”

आत्याने बाबांकडे बघितलं. बाबा त्यांच्या चांगल्या हाताने डोळे पुसत होते आणि लपवत नव्हते. ती काठी आपटत बाहेर गेली, आणि तिने त्याला तसंच सांगितलं, शब्द न शब्द. मी कापडाआडून ऐकलं.

सरकार शिडीवरून उतरून माझ्यासमोर आला. दम लागला होता. “लग्न करशील माझ्याशी?” त्याने विचारलं. शेवटी आवाज वर नेऊन, नीट, शिकून आल्यासारखं.

मला लगेच हो म्हणायचं होतं. पण खांदा दुखत होता, आणि कालचा दिवस अजून गेला नव्हता.

“थांब,” मी म्हटलं. “हाक मारीन.”

तो थांबला. पुढच्या मुक्कामाचे खुंटे ठोकून झाले, जाळी दोनदा ताणून झाली, तरी तो थांबला होता. मग मी मारली.